नकाशावर सपाट दिसणारी वाट

"समुद्राकाठची वाट, मध्ये एकही डोंगर नाही, अंतर जेमतेम १८ किलोमीटर. मग ती अवघड कशी? आणि एका दिवसाच्या चालण्यासाठी तुम्ही दोन संध्याकाळी नकाशा घेऊन का बसता?" हा प्रश्न मला नेहमी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

डोंगरावर चढ आधी येतो. दम संपला तर मागे फिरायचं, उतार आपल्या बाजूने असतो. किनाऱ्यालगतच्या घळींचं बरोबर उलट आहे. गवताळ माळ वर पसरलेला आणि त्याला चिरत ओढे समुद्राकडे गेलेले. सकाळी ताज्या पायांनी आपण घळीत झरझर उतरतो आणि मग ती उतरण चढून फेडावी लागते. एक घळ दीडशे मीटर खोल धरली तर सहा घळींत ९०० मीटर चढ होतो आणि एवढं करून आपण एकही शिखर गाठलेलं नसतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा घालणारी साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही वाट सुमारे १,०१४ किलोमीटरची आहे. तिच्यावरच्या सगळ्या चढांची बेरीज ३५,००० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ चार एव्हरेस्ट!

म्हणून मी किलोमीटर बाजूला ठेवते आणि तास मोजते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला साधा हिशोब आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. आपल्या वाटेचे झाले पाच तास सहा मिनिटं. यात विश्रांती नाही, ऊन नाही, गुडघ्याएवढं गवत नाही. मी सरळ दीडपट करते. पावणेआठ तास. शिवाय नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर २० मीटर उंचीला एक अशा असतील तर त्यांच्यामधले बारीकसारीक चढउतार नकाशावर उमटतच नाहीत, तेव्हा ही दीडपट चैन म्हणून नाही, गरज म्हणून.

आता समुद्र. दोन घळींच्या तोंडांमधला पट्टा वाळूवरून पार करायचा असेल तर दिवसाची वेळ आपण ठरवत नाही, ओहोटी ठरवते. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी सहा तासांत चढतं, पण एका वेगाने नाही. पहिल्या तासात ते जागचं हललं नाही असं वाटतं आणि मधल्या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. माणसं अडकतात ती याच तासांत, मागे कडा आणि पुढे पाणी. मी नेहमी पाणी उतरत असतानाच त्या पट्ट्यात शिरते, म्हणजे उशीर झाला तरी हाताशी वेळ उरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर हा नियम मी अजिबात मोडत नाही.

माळाबद्दल कुणी विचारत नाही, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माळानेच. सुरुवातीच्या काळात एकदा मी आखूड मोजे घालून वाळलेल्या गवतातून चालले. तासाभरात घोट्याभोवती असंख्य कुसळं. एक उपटून तळहातावर घेतलं: सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे पीळ पडलेली शेपटी. त्यावर घामाचा थेंब पडला आणि शेपटी हळूहळू उलगडत फिरू लागली. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो आणि त्या फिरण्याने टोक आत आत जातं. जमिनीत रुजण्यासाठी गवताने केलेली ही सोय माझ्या मोज्यात काम करत होती. ती काढण्यात चाळीस मिनिटं गेली आणि शेवटची घळ मी अंधारात चढले. तेव्हापासून लांब पँट आणि गेटर्स, म्हणजे बुटावरून घोटा झाकणारी आवरणं. गोचिडींसाठीही तेच उपयोगी पडतं.

माळावर सावली नसते. समुद्राचा वारा घाम लगेच सुकवतो, त्यामुळे तहान उशिरा कळते. मी उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरते आणि सोबत खारट काहीतरी ठेवते. नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. सुरुवातीला पाठीवर पाच-साडेपाच किलो पाणीच असतं. ते जड वाटतं म्हणून कमी करू नका. वरच्या भागात पाऊस असेल तर मात्र घळीत उतरायचंच नाही, डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी. पाणी वरून येतं.

हे सगळं मांडून झालं की मी शेवटच्या चढापासून उलटी मोजत येते. सूर्यास्ताच्या दोन तास आधी त्या चढाच्या पायथ्याशी असायला हवं. तिथून मागे ओहोटीची वेळ, त्याच्या मागे निघायची वेळ. ती पहाटे पाचची निघाली तर पाच. शिवाय प्रत्येक घळीतून वरच्या रस्त्याला लागणारी वाट पेन्सिलने खुणावते, कारण तिसऱ्या घळीपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला असेल तर तिथूनच बाहेर पडायचं, हे आदल्या रात्री ठरलेलं असतं.

एक कागद घरी ठेवते: कुठून आत, कुठून बाहेर, कोणत्या घळीत किती वाजता आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. घळीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून ती शेवटची वेळ मी दोन तास पुढची लिहिते आणि माळावर चढल्या चढल्या पहिला फोन घरी करते.