साडेअकरा इंच

लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्यातून एकदा महापालिकेच्या साहेबांसमोर गाऱ्हाणं मांडायच्या दिवशी, तक्रार घेऊन जायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. तक्रार गल्लीची असून चालत नाही, ती तुमची एकट्याची असावी लागते. मला हे कळायला एक महिना आणि सतरा सह्या लागल्या.

शहराचं नाव लिहीत नाही. अजून तिथेच राहायचंय आणि त्याच खिडक्यांसमोर उभं राहायचंय.

आमची गल्ली जुनी, दोन्ही बाजूंना तीन मजली सोसायट्या. २०२५ च्या सुरुवातीला डांबरी रस्ता काँक्रीटचा झाला. जुनं डांबर न उखडता त्यावरच काँक्रीट ओतलं. पूर्वी रस्त्यावरून फाटकात यायला एक पायरी चढायची असायची, आता दोन उतराव्या लागतात. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून आम्ही सगळे खूश होतो. मीही होतो, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नव्हती. नालेसफाईची ३१ मेची मुदतसुद्धा संपली नव्हती. आमच्याकडे त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाणी आत आलं. तळमजल्यावर एक ताई राहतात, पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. पाणी आलं ते थेट त्यांच्या मशीनखाली. मशीनची मोटर गेली, खाली ठेवलेली गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं भिजली. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला हे सकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा कळलं.

पूर्वी अशा वेळी नगरसेवकाला फोन जायचा. पण राज्यातल्या बऱ्याच मोठ्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, तेव्हापासून प्रशासकांचा कारभार. आमच्या माजी नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले, "काका, मला आता अधिकार नाही, पण बघतो." त्यांनी काय बघितलं ते मला अजून कळलेलं नाही. कायद्यात नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद आहे. आमच्या प्रभागात नगरसेवक असतानाही ती भरलेली मी पाहिली नाही, मग आता कोण भरवणार?

मग अ‍ॅप. फोटो टाकला, टोकन क्रमांक आला, तिसऱ्या दिवशी "तक्रार निकाली" असा संदेश आला. सोबत स्वच्छ केलेल्या चेंबरचा फोटो होता. चेंबर छान होतं, फक्त आमच्या गल्लीतलं नव्हतं. क्षेत्रीय कार्यालयात गेलो तर रस्त्याचे साहेब म्हणाले गटार मलनिःसारणाकडे, मलनिःसारणाचे म्हणाले पावसाळी गटार रस्त्याबरोबरच होतं. ह्या भागाबद्दल जास्त लिहीत नाही. ज्याने महापालिकेचा जिना एकदा तरी चढलाय त्याला तो पाठ आहे.

त्याच जिन्याखालच्या फलकावर लोकशाही दिनाची सूचना वाचली. दर महिन्याचा पहिला सोमवार, सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. महापालिकेत आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली, सगळे खातेप्रमुख हजर. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी. ते "पंधरा दिवस आधी" मी वाचलं, पण मनावर घेतलं नाही.

मी बँकेत तीस वर्षं पत्रव्यवहार केलेला माणूस. दोन पानी निवेदन लिहिलं. "पर्जन्यजलाचा नैसर्गिक निचरा अवरुद्ध झाल्यामुळे" अशी सुरुवात, खाली सतरा घरांच्या सह्या. १८ जुलैच्या शुक्रवारी घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी निवेदन उलटंपालटं केलं आणि सह्यांच्या पानावर बोट ठेवलं.

"हे सामुदायिक आहे. इथे वैयक्तिक घेतात."

"अहो, सतरा घरांना त्रास आहे म्हणून तर सतरा सह्या."

"एकाला त्रास असेल तर घेता येतो."

मी वाद घातला. बाई शांतपणे भिंतीवरचं परिपत्रक दाखवून मोकळ्या झाल्या. त्यात काय घेत नाहीत त्याची यादी होती: न्यायप्रविष्ट प्रकरणं, महसुली अपिलं, माहिती अधिकारातली प्रकरणं, नोकरी-आस्थापनेच्या तक्रारी, वैयक्तिक नसलेली निवेदनं, आणि ज्याला अंतिम उत्तर दिलंय त्याच विषयाचा पुन्हा अर्ज. शेवटच्या मुद्द्याने माझ्या पोटात गोळा आला. अ‍ॅपवरचं ते "निकाली" अंतिम उत्तर धरलं तर? बाई म्हणाल्या, "ते कुठे जोडू नका, नाहीतर तोच कागद तुमच्यावर उलटेल." त्यांचे मी आजही आभार मानतो. खिडकीच्या आत बसून बाहेरच्याच्या बाजूने एक वाक्य बोलणारी माणसं फार कमी भेटतात.

शनिवार-रविवार बसून सह्या काढल्या, निवेदन माझ्या एकट्याच्या नावाने केलं आणि सोमवारी, २१ जुलैला पुन्हा हजर. ऑगस्टचा लोकशाही दिन ४ तारखेला. मधे चौदा दिवस. एक दिवस कमी पडला, अर्ज परत. त्यात बाईंनी अर्ज वाचून विचारलं, "तुम्ही कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"मग पाणी तुमच्या घरात येत नाही."

घरी येताना मी विचार करत होतो की माझी नेमकी तक्रार काय? दूध आणायला जाताना चपला भिजतात, ही? अर्जदार ताईच हव्या होत्या. दोन महिने मी त्यांच्या पाण्याबद्दल सगळीकडे बोलत होतो, आणि त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की ताई, तुम्ही येता का?

मधल्या काळात एक काम मात्र नीट झालं. सरकारी कार्यालयातली कागदपत्रं बघायला माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबावंच लागतं असं नाही. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत आणि जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी २८ जुलैला तीनला दहा मिनिटं कमी असताना जाऊन बसलो. साडेतीनला फाईल आली. आधी तीत काय बघायचं ते मला कळेना. शेजारी एक गृहस्थ अशाच कामासाठी बसलेले, नेहमीचे असावेत. म्हणाले, "पत्रव्यवहार सोडा. इस्टिमेट आणि एमबी, दोनच बघा. इस्टिमेट म्हणजे काय करणार होते, एमबी म्हणजे काय केल्याचं मोजलं."

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. तिच्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. इस्टिमेटमध्ये चौदाव्या बाबीला रस्त्याखालून आडवा जाणारा ३०० मिमी व्यासाचा पाइप होता, आमच्या बाजूचं पाणी पलीकडच्या मोठ्या गटारात सोडण्यासाठी. एमबीत तेरावी बाब होती, पंधरावी होती. चौदावी नव्हती. कोणी पैसे खाल्ले होते असं नाही. पाइप टाकलाच नव्हता म्हणून मोजला नव्हता. कार्यादेशात दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातली खोट ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, तीन वर्षांचा होता आणि तो चालू होता. दोन रुपये पानाप्रमाणे तीन पानांच्या प्रती मागितल्या, सहा रुपयांची पावती घेतली. सगळ्या प्रवासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा खर्च हाच.

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे १ तारीख. पंधरा दिवस मागे मोजले तर १७ ऑगस्टचा रविवार, त्याआधी शनिवार, त्याआधी स्वातंत्र्यदिन. म्हणजे खरी शेवटची तारीख १४. ह्या वेळी मी ११ तारखेलाच ताईंकडे नमुना घेऊन बसलो. त्या काज करता करता सांगत होत्या, मी लिहीत होतो.

"काका, अवरुद्ध म्हणजे काय?"

"अडलेलं."

"मग अडलेलं लिहा ना. मला तिथे विचारलं तर मी काय सांगू?"

अवरुद्ध काढलं. दोन पानांचा अर्ज नऊ ओळींचा झाला. "तक्रारीचे स्वरूप" ह्या रकान्यात त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं: पाऊस जोराचा झाला की रस्त्यावरचं पाणी माझ्या घरात येतं, रस्ता उंच व्हायच्या आधी येत नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी वाचलं, शिक्का मारला, पोच दिली. एक मिनिटही लागलं नाही.

१ सप्टेंबर आणि गौरीपूजन एकाच दिवशी आलंय हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "गौरी घरात बसवून मी तिकडे जाऊ?" त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "जा तू. पुरण मी वाटते. पुढच्या वर्षी गौरींना पाण्यात बसवायचंय का?" ताई काठाची साडी नेसून, डोक्यात गजरा घालून रिक्षात बसल्या. हातात एक जुनी वही होती. मला वाटलं, हिशेबाची असेल.

सभागृहात टेबलं तीन बाजूंनी मांडलेली, मधे आयुक्त, दोन्हीकडे फायली घेतलेले अधिकारी. चौथी बाजू आपली. आमच्या आधी आठ जण होते. एक आजोबा दोन वर्षं मिळकतकराच्या नोंदीवर नाव लावून घ्यायला फिरत होते, त्यांचं काम तिथल्या तिथे मार्गी लागलं. एका गृहस्थांचा विषय कोर्टात निघाला, त्यांना पहिल्याच मिनिटाला उठवलं. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं.

ताईंचं नाव पुकारलं. मी बरोबर उठलो तर आयुक्त म्हणाले, "अर्जदार कोण?" मी बसलो.

कार्यकारी अभियंत्यांनी फाईल न उघडताच सांगितलं, "सर, सखल भाग आहे. किरकोळ पाणी साचतं, लगेच ओसरतं."

आयुक्तांनी ताईंकडे पाहिलं. "किती पाणी येतं?"

ताईंनी वही उघडली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही. शेवटच्या पानावर तारखा होत्या. दर वेळी पाणी ओसरल्यावर त्यांनी भिंतीवर ओलीची रेघ खडूने आखली होती आणि टेपने मोजली होती.

"२८ मे, सहा इंच. १९ जून, साडेअकरा. ७ जुलै, नऊ. २६ जुलै, आठ आणि एक सूत." मग मान वर करून म्हणाल्या, "आणि सर, सखल नव्हता. रस्ता उंच झाला म्हणून झालाय."

सभागृहात कोणी हसलं नाही. आयुक्तांनी अभियंत्यांना विचारलं, "तुमच्याकडे काय मोजमाप आहे?" ते फाईल चाळायला लागले. तेव्हा ताईंनी माझ्याकडची तीन पानं मागून घेतली आणि टेबलावर ठेवली. चौदाव्या बाबीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. आयुक्तांनी ती वाचली, एमबीचं पान वाचलं. "दोष दायित्वात आहे ना? ठेकेदाराकडून करून घ्या. पंधरा दिवसांत अहवाल." पुढचं नाव. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. माझं भाषण खिशातच राहिलं, आणि राहिलं ते बरंच झालं.

कोणी जाणार असेल तर एवढं करा: बाहेर पडल्यावर इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. आम्ही घेतली म्हणून पुढे हातात काहीतरी होतं. कारण पंधरा दिवसांनी आलेल्या पत्रात "कार्यवाही सुरू आहे" एवढंच होतं, आणि सप्टेंबरअखेरच्या पावसात ताईंच्या वहीत "सात इंच" अशी आणखी एक नोंद झाली. इतिवृत्ताची झेरॉक्स घेऊन मी तीनदा गेलो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री रस्ता कापला, पाइप टाकला, सकाळपर्यंत बुजवलाही. ऑक्टोबर संपताना अवकाळी पाऊस झाला तेव्हा मी मुद्दाम खाली गेलो. ताईंनी वही दाखवली. तारीख, आणि पुढे मोठं शून्य.

आता माझं. तो चर बुजवताना त्यावर काँक्रीटचा उंचवटा राहिलाय, बरोबर आमच्या फाटकासमोर. स्कूटर रोज त्यावर आदळते आणि मणक्याच्या जुन्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलंय. डिसेंबरात अर्ज करणार होतो, तर १५ डिसेंबरला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि लोकशाही दिन थांबला. १५ जानेवारीला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी. आता प्रभागाला चार नगरसेवक आहेत, चौघांनाही फोन करून झाला. चौघेही बघतो म्हणाले.

परवा नमुना आणून भरायला बसलो. ह्या वेळी सह्या नकोत, मजल्याचा प्रश्न नाही, दुखणं शंभर टक्के माझं. "तक्रारीचे स्वरूप" लिहीत होतो तेवढ्यात ताई आल्या, खांद्यावरून वाचलं.

"काका, उंची मोजली का?"

मी नाही म्हणालो. त्या खाली जाऊन टेप घेऊन आल्या. पावणेतीन इंच.