शेवटच्या काकांचं पाणी

आज आमच्या क्लबची १० किलोमीटरची शर्यत झाली. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट, ५ वर आणि ५ खाली.

मार्ग गेल्या रविवारीच सायकलवर मोजला होता. वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून, म्हणजे पळणारा कमीत कमी अंतर कापत जाईल तिथून मोजायचं, आणि वर दर किलोमीटरला १ मीटर जादा धरायचा. अंतर कमी भरलं तर कुणाच्याच वेळेला अर्थ राहत नाही. अख्खी सकाळ गेली, पण हे काम मला मनापासून आवडतं.

आज पहाटे साडेतीनपासून बिब (पळणाऱ्यांनी छातीवर लावायचे नंबर), सेफ्टी पिना, लिंबं कापणं. सव्वासहाला शिट्टी वाजली. पहिले आले, टाळ्या, फोटो, सगळं छान.

पण पावणेआठला एक काका उतरले, सगळ्यांत शेवटी. ओठ कोरडे, बिबची एक पिन निघून कोपरा फडफडतोय. म्हणाले, "खालच्या वळणावर पाणी नव्हतं हो." आमच्या पोरांनी टेबल आवरलं होतं, कारण शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबा हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चूक माझी. काकांची माफी मागितली. त्यांनी लिंबू-मीठ घातलेलं पाणी दोन ग्लास प्यायलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी तारीख कधी?"

पुढच्या वर्षी शेवटच्या माणसामागून आमचा एक जण सायकलवर येईल, आणि तो पुढे गेल्याशिवाय एकही टेबल उचललं जाणार नाही.