संघ गेला, गाव राहिले

नाशिक, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

हैदराबादचा फुटबॉल क्लब दिल्लीला हलवला गेल्याची बातमी गेल्या महिन्यात वाचली, तेव्हा मला त्यात फारसे नवल वाटले नाही, कारण हैदराबादला तो क्लब मिळाला होता तोच मुळी पुण्याचा संघ संपल्यामुळे. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज हा संघ राजधानी सोडून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी या नावाने खेळू लागला. म्हणजे दिल्लीने एक संघ गमावला तो ओडिशाला मिळाला, पुण्याने गमावला तो हैदराबादला मिळाला, आणि आता हैदराबादने गमावलेला पुन्हा दिल्लीच्या पदरी पडला आहे. नकाशावर या रेघा ओढायला सोप्या आहेत, पण प्रत्येक रेघेच्या मागच्या टोकाला काही हजार माणसे उभी राहतात आणि त्यांचे काय झाले हे कोणत्याच बातमीत येत नाही. २०२५-२६ च्या मोसमाची स्पर्धा तर तेव्हा सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे दिल्लीकरांनी नव्या संघावर जीव कधी लावायचा, हाही प्रश्नच होता.

मला या सगळ्याची गोडी लागली ती माझ्या भाच्यामुळे. तो नाशिकचा, पण शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि बालेवाडीच्या संकुलात फुटबॉलचे सामने पाहू लागला. मी त्याला एकदा म्हटले होते की, नाशिकच्या मुलाने पुण्याच्या संघासाठी एवढे ओरडावे याला काही कारण नाही. त्यावर तो म्हणाला, "मावशी, मी पुण्याचा झालो तो त्या स्टँडमध्ये." कॉलेजने, वसतिगृहाने किंवा खानावळीने त्याला त्या शहराचे केले नाही, ते काम त्या केशरी जर्सीने केले. २०१७-१८ च्या मोसमात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बंगळूरुकडून हरला, तेव्हा त्याचा फोन आला होता आणि तो बराच वेळ काही बोललाच नव्हता. संघ गेल्यावर त्याने हैदराबादच्या संघाकडे वळून पाहिले नाही आणि दुसऱ्या कोणत्या संघाचाही तो झाला नाही. ज्यांच्याबरोबर तो सामने पाहायचा त्यांची एकमेकांशी गाठ पडायला दुसरे काही निमित्तच नव्हते, त्यामुळे ती मंडळी पांगली. मला वाटते, चाहत्याचे खरे नुकसान तिथे होते. खेळाडू तर एरवीही दर वर्षी बदलतात आणि प्रशिक्षक त्याहून लवकर बदलतात, पण शेजारच्या खुर्चीतला माणूस टिकून असतो, आणि संघ हलला की तो एका फटक्यात परका होतो.

हैदराबादची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. २०२१-२२ मध्ये तो संघ विजेता ठरला, परंतु करोनामुळे त्या मोसमाचे सगळे सामने गोव्यात झाले होते. आपल्या शहराचे नाव करंडकावर कोरले गेले आणि त्या मोसमात आपल्या मैदानावर संघाने पाऊलही ठेवले नाही, असे भाग्य फार थोड्या प्रेक्षकांच्या वाट्याला येत असेल. आता तर संघच गेला.

या विषयावर वाचायला बसले की अमेरिका टाळता येत नाही, कारण शहरे बदलण्याची ही रीत तिथे सर्वांत जुनी आणि सर्वांत निर्ढावलेली आहे. बेसबॉलचा ब्रुकलिन डॉजर्स हा संघ १९५५ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि दोनच वर्षांत लॉस एंजेलिसला गेला. मालक वॉल्टर ओ'मॅली यांना ब्रुकलिनमध्ये नव्या मैदानासाठी जागा हवी होती आणि न्यूयॉर्कच्या बांधकामांवर ज्यांची सत्ता चालत होती ते रॉबर्ट मोझेस ती द्यायला तयार नव्हते. या दोघांत अधिक दोष कोणाचा, यावर तिथे आजही वाद चालतो. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर त्यांचा शेवटचा सामना झाला, त्याला अवघे ६,७०२ प्रेक्षक होते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले की, मग मालकाचे काय चुकले, लोकच येत नव्हते. पण ज्या घरातून माणूस उठून जाणार हे पक्के ठाऊक झालेले असते, त्या घरी कोण उत्साहाने जाईल? गर्दी ओसरणे हे जाण्याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण बहुतेक वेळा ती जाण्याच्या चाहुलीचा परिणाम असते.

ओकलंडने हे फार स्पष्ट करून दाखवले. त्या एका शहराने पाच वर्षांच्या आत तीन संघ गमावले: बास्केटबॉलचा वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला गेला आणि बेसबॉलचा अॅथलेटिक्स २०२४ च्या मोसमानंतर गेला. रेडर्सच्या नव्या स्टेडियमसाठी नेवाडा राज्याने हॉटेलांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर दिले, आणि अॅथलेटिक्ससाठीही तिथल्या विधिमंडळाने ३८ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद केली. एवढी रक्कम दुसरे राज्य देत असताना मालकाने जुन्या शहराशी इमान राखावे, ही अपेक्षा भाबडी आहे हे मला कळते. तरी तिथल्या चाहत्यांनी जे केले ते मला फार आवडले. चांगले खेळाडू विकून टाकायचे, मैदानाची देखभाल सोडून द्यायची आणि मग लोक येत नाहीत म्हणून बोट दाखवायचे, असा त्यांचा मालकावर आरोप होता. म्हणून १३ जून २०२३ रोजी त्यांनी बहिष्काराच्या उलटे केले: ठरवून मैदान भरले. एरवी काही हजारांवर संख्या जात नसताना त्या दिवशी २७,७५९ लोक आले आणि संघ विकून टाका असे मालकाला ओरडून सांगत राहिले. संघ अर्थात थांबला नाही. सप्टेंबर २०२४ मधल्या घरच्या शेवटच्या सामन्याला ४६,८८९ लोक होते, आणि तो सामना त्यांनी जिंकलाही.

संघ नेला तरी सगळेच नेता येत नाही, हे क्लीव्हलंडने दाखवून दिले. १९९५ मध्ये तिथल्या ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाच्या मालकांनी तो बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले, तेव्हा शहराने कोर्टकचेरी आणि आरडाओरडा करून एवढे पदरात पाडून घेतले की, संघाचे नाव, रंग आणि जुने विक्रम क्लीव्हलंडकडेच राहतील. बाल्टिमोरला गेलेला संघ रेव्हन्स या नव्या नावाने उभा राहिला आणि १९९९ मध्ये क्लीव्हलंडला पुन्हा ब्राउन्स मिळाला. गंमत अशी की, बाल्टिमोरला तरी दुसऱ्याचा संघ का हवा होता? कारण त्यांचा कोल्ट्स १९८४ च्या मार्च महिन्यात एका रात्रीत, सामान वाहणाऱ्या ट्रकांमध्ये भरून, इंडियानापोलिसला नेण्यात आला होता. त्यांचे बँडपथक मात्र संघ नसतानाही वाजतच राहिले, पुढची बारा वर्षे. ज्याने चोरीचे दुःख सोसले त्यानेच पुढे दुसऱ्याचे दार उघडे पाहून हात घातला, हे वाचून मला बाल्टिमोरकरांचा राग येत नाही आणि त्यांची बाजूही घेता येत नाही.

विम्बल्डनच्या लोकांचे मात्र मी मनापासून कौतुक करते. टेनिससाठी जगाला माहीत असलेल्या त्या उपनगराचा फुटबॉल क्लब १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. मे २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या समितीने त्याला सुमारे ऐंशी किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, खेळाडू निवडण्यासाठी सार्वजनिक मैदानावर चाचणी ठेवली आणि नवव्या पायरीच्या लीगपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब देशाच्या चार मुख्य विभागांत पोहोचला, २०२० मध्ये आपल्या मूळ जागेजवळ प्लाउ लेनला परतला, आणि २०२५-२६ च्या मोसमात तो मिल्टन कीन्सच्या संघाच्या एक विभाग वर खेळत होता. मधल्या काळात मिल्टन कीन्सचा संघ त्यांच्याकडे खेळायला आला, तेव्हा त्यांनी गुणफलकावर पाहुण्यांचे "एमके डॉन्स" हे पूर्ण नाव लिहायलाच नकार दिला होता, कारण त्या नावातला "डॉन्स" हा शब्द ते आपला मानतात. हा हट्ट पोरकट आहे असे काहींना वाटेल, पण वीस वर्षे टिकलेला पोरकटपणा मला आदरणीय वाटतो.

आपल्याकडे असे का होत नाही, याचा विचार मी दुपारभर करत होते. आपले संघ तरुण आहेत हे एक उत्तर झाले, परंतु ते पुरेसे नाही. पुण्याने क्रिकेटमध्येही दोन संघ पाहिले आणि दोन्ही गमावले: वॉरियर्स २०११ ते २०१३ असा खेळला, तर रायझिंग पुणे २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि त्या सामन्यानंतर पुन्हा मैदानावर उतरलाच नाही. त्या संघाला मुळात दोनच मोसमांचा परवाना होता, हे सगळ्यांना माहीत होते. मुदत ठरवून दिलेल्या प्रेमात माणूस जपूनच पडतो.

मात्र कारण पटले तर लोक अंतर मोजत नाहीत, हेही इथेच दिसले. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि मुंबई व पुणे या दोन्ही संघांनी विशाखापट्टणमला घर केले. त्या उन्हाळ्यात आमचे रामकुंड कोरडे पडले होते आणि लातूरला रेल्वेने पाणी जात होते. खेळपट्टीसाठी पाणी द्या असे म्हणणारा एकही क्रिकेटवेडा मला तेव्हा नाशिकमध्ये भेटला नाही. दोन वर्षांनी कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटले आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंजेला आले. तिथल्या पहिल्याच सामन्यासाठी चाहत्यांची एक अख्खी रेल्वेगाडी चेन्नईहून पुण्याला आली होती. भाचा तो सामना पाहायला गेला होता आणि वॉटसनच्या शतकापेक्षा त्या पिवळ्या गर्दीबद्दलच अधिक बोलत होता. संघ तात्पुरता हलला आणि त्याच्यामागे माणसे हलली, कारण तो परत येणार याची त्यांना खात्री होती.

नाशिककरांची अडचण वेगळीच आहे, आणि ती हसण्यासारखी आहे. आमच्याकडून संघ जाऊ शकत नाही, कारण तो आमच्याकडे कधी आलाच नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्स नावाचा संघ २०२३ पासून खेळतो आणि २०२४ मध्ये तो अंतिम सामन्यात रत्नागिरीकडून हरलाही, पण कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी या सगळ्यांप्रमाणे त्याचेही घर गहुंजेलाच. खो-खोच्या अल्टिमेट लीगचा पहिला हंगाम २०२२ मध्ये बालेवाडीला झाला, तेव्हा सहा संघांत मुंबई, चेन्नई, गुजरात, ओडिशा, राजस्थान, तेलुगू असे सगळे होते आणि ज्या शहरात सामने होत होते त्या पुण्याचे नावच नव्हते. शाळेत असताना खो-खो खेळलेल्या माझ्यासारखीला त्या स्पर्धेचा आनंद झाला होता, तरी कोणाच्या बाजूने ओरडावे हे शेवटपर्यंत उमगले नाही. शहराचे नाव अशा सहजपणे उसने घेता येते, याचा अर्थ ते सहजपणे परतही करता येते.

याउलट गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजीचा सामना असला की काय होते ते पाहण्यासारखे असते. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने बडोद्याला तिथे हरवले. तो संघ साऱ्या महाराष्ट्राचा, नावात नाशिक कुठेच नाही, तरीही नाशिकच्याच सत्यजित बच्छावच्या हाती चेंडू आला की ओळखीचा माणूस गोलंदाजी करतो आहे असा कुजबुजाट कुंपणापाशी सुरू होतो. निवृत्त माणसे डबा घेऊन येतात, शाळा बुडवलेली मुले झाडाखाली बसतात. या संघाला कोणी उचलून दुसऱ्या राज्यात नेणार नाही, कारण तो कोणा एकाच्या मालकीचा नाही.

अमेरिकेतल्या ग्रीन बे या गावाचे उदाहरण मी भाच्याला सांगितले. लोकवस्ती लाखभराच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या जवळ गेलेल्या नाशिकच्या तुलनेत अगदीच लहान, आणि तरी त्या देशातल्या सर्वांत श्रीमंत लीगमधला पॅकर्स हा संघ शंभर वर्षांहून अधिक काळ तिथेच आहे. १९२३ पासून त्याचे भागधारक सामान्य लोक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही आणि कोणा एकाला संघ बळकावता येईल इतके भाग घेताही येत नाहीत. भाच्याचे म्हणणे असे की, आपल्याकडे लीग असे काही चालूच देणार नाहीत, आणि ते खरे असावे. अमेरिकेतल्या त्या लीगनेही पॅकर्सचा अपवाद वगळता पुन्हा कोणाला तशी मालकी मिळू दिलेली नाही.

तेव्हा मी मागणी खूप खाली आणली आहे. संघ मालकाचा असू द्या, परंतु शहराचे नाव लावायचे असेल तर वर्षातून दोन सामने तरी त्या शहरात खेळवावेत, आणि संघ उठून गेलाच तर नाव, रंग आणि धावांचे जुने हिशेब त्या शहराकडे राहावेत. जूनमध्ये नाशिकला पाऊस असतो हे कारण पुढे येईल याची मला कल्पना आहे. पण गहुंजेला तो थांबलेला नसतो, २०२३ चा अंतिम सामना तिथे पावसानेच खाल्ला होता. आयोजकांना पत्र लिहायचे ठरवले आहे, आणि त्यात ही पावसाची गोष्ट मी सर्वांत आधी घालणार आहे.