म्हणींची क्विझ: इफमधला घोळ शेवटी सापडला

मागच्या रविवारपासून जावा या प्रोग्रामिंग भाषेत म्हणींची क्विझ करतोय, अर्धी म्हण स्क्रीनवर येते आणि राहिलेला शब्द आपण टाइप करायचा. पहिलीच म्हण घेतली ‘नाचता येईना अंगण’, उत्तर वाकडे. वाकडे टाइप करून एंटर मारलं की दरवेळी ‘चूक’ यायचं. कंपायलरची एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही.

पहिला संशय आला देवनागरीवर, वाटलं टर्मिनल अक्षरं नीट वाचत नसणार, आणि त्याच्याच मागे अख्खी संध्याकाळ गेली. मग इफच्या (उत्तर जुळतंय का ते तपासणाऱ्या ओळीच्या) वर एक प्रिंट टाकली, आलेला शब्द चौकटी कंसात छापला आणि शेजारी त्याची लेंग्थ. शब्द बरोबर, मागेपुढे स्पेस नाही, लेंग्थ ५ (व, काना, क, ड, मात्रा, जावा काना-मात्रा वेगळे मोजते). म्हणजे अक्षरं ठीक होती, घोळ इफमध्येच होता.

तिथे मी लिहिलेलं: उत्तर == "वाकडे". आणि स्कॅनर (टाइप केलेलं वाचून देणारा भाग) काढून उत्तर कोडमध्येच लिहिलं तर हाच इफ चालत होता!! इथे मी खूप वेळ अडकलो. == अक्षरं बघतच नाही, दोन्ही बाजूंना मेमरीतलं तेच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघतं. कोडमध्ये लिहिलेली सारखी लिटरल्स (अवतरणात थेट लिहिलेले शब्द) जावा स्ट्रिंग पूल नावाच्या सामायिक साठ्यात एकदाच ठेवते म्हणून ती जुळतात, पण स्कॅनर प्रोग्राम चालू असताना नवीन स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) बनवून देतो, मग अक्षरं तीच असली तरी ऑब्जेक्ट वेगळं.

आता "वाकडे".इक्वल्स(उत्तर) केलंय, ते अक्षरं जुळवून बघतं. लिटरल मुद्दाम पुढे ठेवलं, उत्तर नल (म्हणजे काहीच नाही) आलं तरी नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर येत नाही. ‘परत खेळायचं का, हो की नाही’ हा भाग स्विचमध्ये (उत्तरानुसार पुढची वाट निवडणाऱ्या रचनेत) होता आणि तो पहिल्या दिवसापासून नीट चालत होता, म्हणून तर इफवर संशयच आला नाही. जावा ७ पासून स्विचला स्ट्रिंग चालते आणि तिथे तुलना आतून इक्वल्सनेच होते.

काल आईला खेळायला दिली, तिने बोलतो तसं ‘वाकडं’ टाइप केलं आणि परत चूक आलं. तिचं उत्तर बरोबरच आहे की! म्हणून आता प्रत्येक म्हणीला उत्तरांचा अॅरे (यादी) देतोय, सात म्हणी झाल्यात.