परदेशातल्या शाळेची ऑफर घेऊ का? आधी करार शेवटच्या पानापासून वाचा

"परदेशातल्या शाळेतून ऑफर आली आहे, घेऊ का?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. बहुतेकदा रात्री उशिरा, ऑफर लेटरच्या फोटोसकट, आणि खाली एक ओळ असते, "दोन दिवसांत कळवायचं आहे." मी काही वर्षं बाहेरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे लोकांना वाटतं की हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे तयार असेल. तसं काही नाही. मी एवढंच सांगते, की पगाराचा आकडा क्षणभर हाताखाली झाका आणि करार शेवटच्या पानापासून वाचायला घ्या.

शेवटच्या पानांवर नोकरी सोडण्याची कलमं असतात. रुजू होणाऱ्याशी सगळ्याच शाळा गोड बोलतात. निघणाऱ्याशी त्या कशा वागणार हे मात्र या कलमांत लिहिलेलं असतं, आणि तेच कुणी धड वाचत नाही. एरवी नोकरी पटली नाही तर आपण राजीनामा देतो, नोटीस भरतो आणि दुसरीकडे जातो. घर तेच राहतं, मुलांची शाळा तीच राहते. परदेशातल्या शिक्षकाचं तसं नसतं. राहायची जागा बऱ्याचदा शाळेने दिलेली, मुलांची फी शाळेने माफ केलेली, आजारपणाचा विमा शाळेचा आणि देशात राहण्याचा परवानाही त्याच नोकरीच्या आधारावर. नोकरी गेली की हे सगळं एकदमच जातं. म्हणून तर पटत नसताना माणसं तोंड मिटून वर्ष ढकलतात. मला उद्या निघावं लागलं तर काय होईल, याचं उत्तर हातात नसेल तर सही करू नये, मग पगार कितीही असो. यावर मी कुणाचं ऐकत नाही.

त्यात शाळांचं वेळापत्रक वेगळंच. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि पुढच्या वर्षाची भरती आदल्या हिवाळ्यातच चालू असते. त्यामुळे पुढच्या वर्षी राहणार की जाणार, हे शिक्षकाला बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतच लेखी कळवावं लागतं. तेव्हा हो म्हटलं आणि मे महिन्यात विचार बदलला, तर तो करारभंग. वर्षाच्या मध्येच निघालं तर विमानभाडं, सामान हलवण्याचा भत्ता, कधी वर एखाद्या महिन्याचा पगार परत मागणारी कलमं मी वाचली आहेत. उलट, तुम्हाला ऑफरच ऐन जून-जुलैत आली असेल, तर त्या जागेवरचं कुणीतरी अचानक गेलं असण्याची शक्यता मोठी. आजारपण असेल, जोडीदाराची बदली असेल, कारण अगदी साधंही असू शकतं. पण विचारायचं.

काही ठिकाणी जाण्याची तारीख येतानाच ठरलेली असते. अमेरिकेत शिक्षकांसाठी जो जे-1 व्हिसा आहे, तो 3 वर्षांचा. त्यावर फार तर 2 वर्षांची वाढ मिळते. त्या भरवशावर तिथे कायमचं बिऱ्हाड थाटायची स्वप्नं बघणारे लोक मला भेटतात तेव्हा मी पुढचं बोलणंच थांबवते आणि त्यांना आधी व्हिसाचे नियम वाचून यायला सांगते.

मग मधली पानं. इथे मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे मांडलेले असतात, आणि आपण थेट बेरजेवर जातो. संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण घ्या. तिथे खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला किमान एक वर्ष पूर्ण केल्यावर ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या 5 वर्षांत दर वर्षामागे 21 दिवसांचा पगार, त्यापुढच्या वर्षांसाठी 30 दिवसांचा. पण हा पगार म्हणजे मूळ पगार. आता समजा, दोन शाळा महिन्याला सारखीच रक्कम देतात. पहिलीत तिच्यातला 80 टक्के भाग मूळ पगार आहे, दुसरीत 40 टक्के आणि बाकी सगळे भत्ते. दर महिन्याला बँकेत जमा होणाऱ्या रकमेत काही फरक दिसत नाही. निघायच्या दिवशी दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाच्या हातात निम्मी रक्कम पडते.

त्याच देशाच्या 2021 च्या कामगार कायद्यात आणखी एक आकडा आहे, तो मी मुद्दाम वाचून दाखवते. जोडीदार गेल्यास 5 दिवसांची भरपगारी रजा. आईवडील, मूल किंवा भावंड गेल्यास 3 दिवसांची. तीन दिवस! घर दूर असेल तर नुसत्या जाण्या-येण्यातच त्यातले दोन संपायचे. हा कायद्याने दिलेला किमान हक्क झाला. चांगल्या शाळा स्वतःहून जास्त देतात. देतात का, ते मुलाखतीत विचारा. विचारताना जीभ अडखळते, अभद्र बोलल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे. तरी विचारा. "माझे वडील वयस्कर आहेत, तातडीने यावं लागलं तर काय व्यवस्था आहे?" एवढंच. समोरची व्यक्ती एखादं घडलेलं उदाहरण देते, की धोरणाच्या कागदाकडे बोट दाखवते, हे नीट ऐका.

आणि घरातही हा विषय काढा. "आईबाबांचं कसं होईल?" हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि सगळे तो पुढे ढकलतात. मागे राहणाऱ्या भावंडाशी स्पष्ट बोलणं झालेलं नसेल तर नंतर नात्यात जे कडू येतं, ते पैशाने धुतलं जात नाही. दवाखान्यात कोण नेणार, खर्च कोण उचलणार, रात्री-अपरात्री फोन कुणी घ्यायचा. भाऊ किंवा बहीण "बघू गं, तू जा" म्हणाली, तर ते उत्तर धरू नका. तिला आकडे आणि दिवस विचारा. जोडीदाराचंही तेच. सोबत येणाऱ्याला तिथे नोकरी करायची परवानगी आहे का, हे देशागणिक बदलतं. चांगली चालती नोकरी सोडून आलेला माणूस परक्या गावात वर्षभर घरी बसला की त्या घराचं काय होतं, ते मी शेजारच्या फ्लॅटमध्ये पाहिलेलं आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता सल्ला. तुमच्या जागेवर आत्ता जे कुणी शिकवत आहे, त्यांच्याशी बोलायला मागा. मला ऑफर आली तेव्हा मी मुख्याध्यापकांना तसं लिहिलं. त्याच संध्याकाळी त्या जागेवर शिकवणाऱ्या बाईंचा ईमेल आला आणि पुढच्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो. पगार, शहर, हवा, यातलं त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही. पहिलं वाक्य होतं, "झेरॉक्सचा कोटा असतो हं." प्रत्येक शिक्षकाला एक कार्ड, त्यावर महिन्याची ठरावीक पानं, आणि गणितवाल्यांची पानं तिसऱ्या आठवड्यातच संपतात. मग त्यांनी भिंतीवरचं टाइमटेबल काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. शिकवायचे तास निळ्या चौकटींत छापलेले. उरलेल्या पांढऱ्या चौकटींत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेलं: कव्हर, बस ड्यूटी, कव्हर, विज्ञान मेळावा, कव्हर. कव्हर म्हणजे गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळणं. ऑफर लेटरमध्ये 'शाळा सांगेल ती इतर कामं' असं जे अर्धं वाक्य होतं, त्याचा अर्थ त्या पेन्सिलीत होता.

काम भरपूर होतं, हे उघडच दिसत होतं. पण त्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे निघाल्या होत्या आणि "नाहीतर मी अजून राहिले असते" असं म्हणाल्या. शाळेने त्यांना माझ्याशी मोकळेपणी बोलू दिलं, हेच मला पुरेसं होतं. त्याच सुमारास दुसऱ्या एका शाळेने, जिचा पगार जास्त होता आणि इमारत दृष्ट लागण्यासारखी, हीच विनंती 'गोपनीयतेच्या कारणास्तव' नाकारली. तिथे मी नकार कळवला. तुमच्या बाबतीत कारण खरोखरच साधं असू शकेल, मान्य. पण शाळेतल्या एकाही शिक्षकाशी बोलू देत नसतील, तर मी तरी जाणार नाही.

शिकवणं बदलतं का? बदलतं, आणि अनुभवी माणसाला ते जास्त जड जातं. 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, डिप्लोमा कार्यक्रम शिकवायचा असेल, तर त्यात मुलाला जास्तीत जास्त 4,000 शब्दांचा स्वतंत्र निबंध लिहावा लागतो आणि प्रत्येक मुलामागे मार्गदर्शक शिक्षकाने 3 ते 5 तास देणं अपेक्षित असतं. वाट्याला पाच मुलं आली तर हे तास कुठून काढायचे? टाइमटेबलमध्ये ते बहुधा दिसत नाहीत. गणितात 20 टक्के गुण मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावरच्या लेखी शोधकामाला असतात. वर्षानुवर्षं बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लावणाऱ्या शिक्षकाला पहिल्यांदा जेव्हा "सर, मला फुटबॉलच्या पेनल्टीवर गणित करायचंय" असं मुलगा सांगतो, तेव्हा उत्तरपत्रिका तपासण्याचं आयुष्यभराचं कसब तिथे फारसं कामाला येत नाही. काहींना यात नवी पालवी फुटते. काहींचा जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही कोणत्या गटातले, ते तुमच्या मुख्याध्यापकांपेक्षा तुमच्या विद्यार्थ्यांना जास्त माहीत असेल.

 

पण या अभ्यासक्रमाच्या प्रश्नालाही मी निघण्याच्या बाजूनेच बघते. दोन वर्षांनी तुम्ही तिथून बाहेर पडाल तेव्हा सोबत काय असेल? आयबी डिप्लोमा किंवा केंब्रिजचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवल्याचा अनुभव जगभरातल्या शाळा ओळखतात. एखाद्या शाळेच्या स्वतःच्याच अभ्यासक्रमाचा अनुभव त्या शाळेच्या फाटकाबाहेर फारसा चालत नाही. इंग्लंडने फेब्रुवारी 2023 पासून भारतासह आणखी काही देशांत प्रशिक्षण घेतलेल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना तिथल्या क्यूटीएस या शिक्षक-मान्यतेसाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली. ती मान्यता अंगावर असली की इतर देशांतल्या ब्रिटिश शाळांचेही दरवाजे सोपे होतात. कमी पगाराची पण असं काही हाती देणारी नोकरी मी जास्त पगाराच्या नोकरीपेक्षा वरची मानते. तिशीतल्या माणसासाठी तर नक्कीच. पन्नाशीतल्याला मी हे सांगणार नाही. त्याने सरळ शिल्लक बघावी.

पैशाचं थोडक्यात. पगार आपल्या चलनात मोजून हरखून जाऊ नका, महिनाअखेरीस काय उरेल ते मोजा. पहिला पगार हातात येईपर्यंतची तजवीज सोबत न्या, कारण घराचं डिपॉझिट त्याआधी द्यावं लागतं. दुबईत तर वर्षाचं भाडं दोन-चार चेकमध्ये आगाऊ मागतात. नोकरी लावून देतो म्हणून एजंट तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या करारात आहे, आणि नावाजलेल्या शाळा भरतीचा खर्च स्वतः करतात. पासपोर्ट 'सुरक्षित ठेवायला' मागितला तर देऊ नका. अमिरातीत आणि कतारमध्ये तो मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे.

कागदपत्रांना लागणारा वेळ सगळेच कमी धरतात. पदवी, बी.एड., पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांवर अपोस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. हा शिक्का मान्य करणाऱ्या 1961 च्या हेग करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाची फेरी वेगळी. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर 2022 मध्ये आणि चीनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये लागू झाला, त्यामुळे तिथलं काम पूर्वीपेक्षा हलकं झालं आहे. जुन्या प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका.

राहिला तो "दोन दिवसांत कळवायचं आहे" हा प्रश्न. आठवडाभराची मुदत मागा, कारण सांगून. तेवढी बहुतेक शाळा देतात. आणि सध्याच्या शाळेत राजीनामा लगेच टाकू नका. ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार हातात आल्यावर आणि व्हिसा मंजूर झाल्यावरच द्या. त्याआधी बिनपगारी रजा मिळते का, ते मात्र जरूर विचारून ठेवा. मिळत असेल तर तिचा अर्ज आधी करा, राजीनाम्याचं पुढच्या वर्षी बघता येईल.