मधलीच स्क्रीन जाते असं वाटत होतं

सप्टेंबरात दिवाळी अंकांची कामं अंगावर येतात. मी पानं लावते. टेबलावर तीन मॉनिटर: डावीकडे लेखकाचा मजकूर, मधे पान, उजवीकडे मुद्रितशोधकाच्या खुणा असलेली पीडीएफ. एका दुपारी कथेची ओळ आवळत असताना मधली स्क्रीन काळी झाली आणि दोन-तीन सेकंदांनी परत आली. पान जसंच्या तसं होतं. संध्याकाळपर्यंत असं पाच वेळा झालं.

उजवीकडचा मॉनिटर नवा होता, म्हणजे भाच्याने दिलेला, गेम खेळायचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. तो आला आणि त्रास सुरू झाला, म्हणून घरात सगळ्यांनी त्यालाच दोषी ठरवलं. काढून ठेवला तर दिवसभर शांतता. मग तो एकटाच जोडून पाहिला, तरी शांतता! तेव्हा मात्र मी वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वेळ लिहून ठेवायची. केबली आलटून पालटून लावल्या, पोर्ट बदलले. दोन दिवसांत दीड पान भरलं, पण त्यातून काहीच जुळेना.

उलगडा केला मुलीने. ती दारात उभी होती आणि म्हणाली, "आई, तिन्ही गेल्या." माझी नजर कायम मधल्या पानावर, म्हणून मला मधलीच जाते असं वाटत होतं. केबल किंवा मॉनिटर बिघडला तर एकच स्क्रीन जाईल. तिन्ही एकदम जातात म्हणजे दोष तिन्हींना सामाईक असलेल्या कशात तरी आहे: स्क्रीनवर चित्र पाठवणारं ग्राफिक्स कार्ड, ते चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, किंवा वीजपुरवठा. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. वहीतल्या प्रत्येक वेळेसमोर तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद होती. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट पाहते, ते आलं नाही की ड्रायव्हर नव्याने सुरू करते, त्याची ही नोंद.

सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने समूळ काढला आणि नवा टाकला. फरक शून्य.

मग जीपीयू-झेड हे कार्डाचा वेग आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बसले. काहीही काम चालू नसताना कार्डाच्या मेमरीचा वेग खाली यायला हवा, तो कमाल आकड्यावरच अडकलेला होता. तापमान ५८ अंश, आणि पंखा बंद, कारण माझ्या कार्डाचा पंखा ६० अंशांपर्यंत फिरतच नाही. दोन मॉनिटर ६० हर्ट्झचे आणि एक १४४चा, असं मिश्रण असलं की काही कार्डांना मेमरी विसाव्याला नेता येत नाही. भाच्याचा मॉनिटरही ६०वर आणला. काही क्षणांत मेमरीचा वेग उतरला आणि अर्ध्या तासात तापमान ४३वर आलं. पुढचे चार दिवस एकदाही काळोख नाही. मला वाटलं, सुटलं कोडं.

पाचव्या सकाळी संगणक सुरू केला, तर विंडोज यायच्या आधीच, बायोसच्या स्क्रीनवर, हिरव्या ठिपक्यांच्या उभ्या रांगा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर पोचलेलाच नसतो. त्यामुळे ड्रायव्हरवरचा संशय संपला. १४४ हर्ट्झने आजार निर्माण केला नव्हता. मेमरीला सतत राबवून तो आधी दाखवला होता, एवढंच.

वीजपुरवठ्याची शंका तरीही होती. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि सहा पिनांच्या केबलीतून आणखी ७५. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, दमला असेल तरी कार्ड असं वागू शकतं. म्हणून कार्ड घेऊन पुण्यातली तपकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठली. दुकानातल्या मुलाने ते आपल्या मशीनवर लावलं. तेच ठिपके, त्याच रांगा. "ताई, हीट गन मारून देतो. चालेल काही दिवस." म्हणजे गरम हवेने चिपचे टाके पुन्हा जोडून पाहायचे. किती दिवस चालेल, ते त्याला सांगता येईना. अंक अर्ध्यावर असताना असल्या दिवसांवर मला विसंबायचं नव्हतं. नवं कार्ड मागवलं, पण ते यायला आठवडा लागणार होता.

घरी आल्यावर आठवलं, माझ्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ नाही. म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड काढलेलंच होतं. मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआय आणि डीव्हीआय पोर्टांना दोन मॉनिटर जोडले आणि दोन्ही लागले. पानं लावायला तेवढं ग्राफिक्स पुरलं, अगदी मोठी चित्रं असलेल्या पानांनाही. कोणीतरी हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन रात्री मी निवांत झोपले असते.

तिसरी स्क्रीन नव्हती, म्हणून मुद्रितं कागदावर छापून मांडीवर घेतली. नवं कार्ड आलं त्या दिवशी शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छापखान्यात गेला.