कलम गेलं, पण कागदावर झाड हिरवं

‘झाडे हिरवी आहेत, नुकसान नगण्य.’ चितळांनी शेंडे खाल्लेल्या आमच्या संत्र्याच्या नव्या बागेच्या पाहणीत हे एवढंच लिहिलं गेलं आणि सौर कुंपणाच्या अनुदानाचं प्रकरण तिथेच अडकलं. आता कुंपण उभं आहे, झाडंही सावरली आहेत, तरी ते वाक्य आठवलं की अजून संताप होतो. ज्यांनी यंदा संत्रा लावला आहे आणि ज्यांच्या धुऱ्यापलीकडे जंगल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं वावर वर्धा जिल्ह्यात, जंगलाच्या काठाला. पावसाळ्यात ६ बाय ६ मीटरवर कलमं लावली. या अंतराने हेक्टरी २७७ झाडं बसतात. खड्डे, ठिबक, आंतरपीक सगळं नीट पार पडलं. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याला कोवळी नवती फुटते आणि नेमकं तेव्हाच जंगलातलं हिरवं कमी झालेलं असतं. चितळांचा कळप रात्री आत येऊ लागला. सकाळी जाऊन पाहावं तर ओळच्या ओळ शेंड्याविना उभी.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. मी अर्ज केला तेव्हा संचाच्या किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असा नियम होता. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरला. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, गावाचा ठराव, यात काही अडलं नाही. वन्यप्राण्यांकडून नुकसान होत असल्याचा दाखला मात्र लागत होता आणि तो पाहणीवर अवलंबून होता.

पाहणीला आलेले साहेब धुऱ्यावरूनच बागेकडे बघत होते. म्हणाले, “ताई, फुटली की झाडं. चांगली फुटली आहेत.”

झाडं फुटली होती हे खरंच. पण काय फुटलं होतं? संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरी या लिंबाच्या जातीचा मुळांसकट खुंट आणि त्यावर साधारण वीतभर उंचीवर भरलेला, म्हणजे जोडलेला, नागपुरी संत्र्याचा डोळा. चितळाने डोळ्याच्या वरचा सगळा भाग ओरबाडून नेला तरी झाड मरत नाही, कारण मुळं शाबूत असतात. मग खुंटावरून जंबेरीची फूट जोरात निघते. ती काटेरी असते, आमच्याकडे तरी चितळांनी तिला फारसं तोंड लावलं नाही. काही आठवड्यांत लांबून बघणाऱ्याला बाग हिरवीगार दिसते. पण त्या झाडाला संत्रं कधीच लागणार नाही. पाच वर्षं पाणी, खत, मजुरी घालायची आणि हाती काय, तर जंबेरी.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांचं उत्तर, “झाड जिवंत की मेलेलं, एवढंच लिहायचं असतं.” वर आणखी एक शंका काढली, की गावातल्या बकऱ्यांनीही खाल्लं असेल. आमच्या गावात बकऱ्या आहेत, पण रात्री त्या गोठ्यात बांधलेल्या असतात.

त्यानंतर दाखल्यासाठी कार्यालयाच्या ज्या चकरा सुरू झाल्या, त्यांनी जीव मेटाकुटीला आला. एका टेबलावर सांगायचे की अहवाल आला आहे, आता बदलता येत नाही. दुसऱ्या टेबलावर सांगायचे की अहवालच आलेला नाही. साहेबांना भेटायला जावं तर साहेब दौऱ्यावर. एकदा तर मला विचारलं, “झाडं जिवंत आहेत यात तुम्हाला अडचण काय आहे?” शेतकऱ्याला झाड जगण्याची अडचण असते, असं समजणाऱ्या माणसाला काय समजावणार? तिकडे रोज रात्री चितळं येतच होती. अर्ज फिरत राहिला की नुकसान थांबून राहत नाही, हे टेबलामागे बसलेल्याच्या लक्षातच येत नाही.

तोंडी बोलणं बंद केलं तेव्हा गाडी हलली. फेरपाहणीसाठी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे पक्कं लक्षात ठेवा. अर्जात मोघम काही ठेवलं नाही. ‘कलमाचा डोळ्यावरील भाग नष्ट झाला असून सध्या दिसणारी फूट खुंटाची आहे, हे झाड संत्रा उत्पादनासाठी निरुपयोगी आहे,’ असं सरळ लिहिलं. सोबत संत्र्याचं आणि जंबेरीचं पान कागदावर शेजारी-शेजारी चिकटवलं.

आमच्या कृषी सहायकांनी इथे मनापासून मदत केली. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक झाड तपासलं. कलम पूर्ण गेलेल्या झाडाला लाल चिंधी बांधली, डोळ्यावर थोडी तरी काडी शिल्लक असलेल्याला पांढरी. फेरपाहणीला दुसरे अधिकारी आले. त्यांना धुऱ्यावर थांबूच दिलं नाही, थेट लाल चिंधीच्या झाडापाशी नेलं. पान चुरगाळून हातात दिलं. लिंबासारखा वास, फुटीवर काटे. मग शेजारचं न खाल्लेलं कलम दाखवलं. त्यांना लगेच पटलं. अर्जातलं माझंच वाक्य त्यांनी अहवालात जवळजवळ तसंच उतरवलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

बकऱ्यांच्या शंकेचं उत्तरही तिथेच मिळालं. नर चितळ शिंगं घासतो तेव्हा कोवळ्या खोडाची साल उभी फाटते आणि तिच्या पट्ट्या लोंबत राहतात. अशी काही झाडं होतीच. शिवाय ठिबकच्या ओल्या जागेत खुरांचे ताजे ठसे होते, आणि पहाटे मोबाईलवर काढलेले कळपाचे फोटो. शेंडा कसा तुटला आहे तेही बघा. चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून तो फांदी ओढून तोडतो आणि टोक ओबडधोबड राहतं. ससा जमिनीजवळची काडी तिरपी, स्वच्छ कापतो. बकरीचं तोडणं मात्र चितळासारखंच असतं, म्हणून नुसत्या शेंड्याच्या फोटोवर विसंबू नका. ठसे, लेंड्या आणि वेळ यांचे पुरावे सोबत हवेत.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं. पाहणी होईपर्यंत खाडे भरू नका, म्हणजे गेलेल्या कलमांच्या जागी नवी लावू नका, आणि लाल चिंधीच्या झाडांची जंबेरीची फूटही काढू नका, पुरावाच जातो. पांढऱ्या चिंधीच्या झाडांचं उलट आहे. तिथे खुंटावरची फूट लगेच हाताने मोडायची आणि पुढेही मोडत राहायची, म्हणजे वरचा संत्र्याचा डोळा जोर धरतो. आमची अशी बरीच झाडं वाचली.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, संत्रा आहे का हेही तपासा. नव्या बागेत सोयाबीन, तूर घेतो आणि सातबाऱ्यावर तेवढंच पीक चढतं. शेजारच्या वावराचं प्रकरण ‘इथे फळबागच नाही’ म्हणून परत आलं.

कुंपण येईपर्यंत काय करायचं? सगळं करून बघितलं. जुन्या साड्या बांधल्या. सुरुवातीला कळप बुजला, मग सरावला. सडलेल्या अंड्यांचं पाणी फवारलं तर चितळं खरंच टाळतात, पण नवी पानं फुटली की त्यांच्यावर वास नसतो आणि पाऊस आला की सगळं धुऊन जातं. झाडाभोवती बोराटीच्या काटेरी फांद्यांचं केलेलं गोल कुंपण आणि तीन बाजूंनी बांबू रोवून बांधलेली जाळी, यांनी सगळ्यात जास्त झाडं वाचवली. जाळी खोडापासून दीड फूट तरी लांब आणि पाच फूट उंच हवी. खोडाला लागून गुंडाळलेल्या जाळीवरून चितळ मान घालून शेंडा खातोच.

सौर कुंपणाचं झटका मशीन बसल्यावर खालची तार गुडघ्याच्या खाली घ्या. चितळ उडी मारू शकतं, पण आमच्याकडे ते आधी खालून घुसायला बघायचं. पावसाळ्यात तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो, तेव्हा तारेखालचं गवत सतत कापावं लागतं. ढगाळ दिवसांत बॅटरी बघत जा. आणि कितीही वैताग आला तरी घरची लाईट तारेत सोडू नका. त्याने माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत, आणि तो गुन्हा आहे. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, लाईटचा करंट सोडत नाही.

शिंगांनी साल फाटलेल्या खोडांना बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळे भिजवून १० लिटर पाण्यात एकत्र करायचे आणि त्याच दिवशी वापरायचे. लोंबणारी साल आधी धारदार चाकूने साफ करून घ्या, नाहीतर पेस्ट जखमेपर्यंत पोचत नाही.